नर निघाला

फुलचूरला आमच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पपईची चार झाडं होती. बिया विकतच्या नव्हत्या. गोंदियाच्या बाजारातून आणलेली एक पपई फार गोड निघाली, तिच्याच बिया राखेत चोळून वाळवल्या होत्या. जूनमध्ये भाताचे पऱ्हे टाकायच्या दिवसांत त्या एका फुटक्या डब्यात पेरल्या आणि वीतभर रोपं झाल्यावर न्हाणीच्या पाण्याला लावून दिली. दिवाळी गेली, थंडी सरली, तेव्हा कुठे कळ्या धरल्या. एका झाडाला पानाच्या बेचक्यात जाडसर, एकटी, खोडाला चिकटलेली कळी आली. बाकी तिघांना हातभर लांब दांड्या लोंबल्या आणि दांड्यांवर बारीक पिवळट पांढऱ्या फुलांचे झुबके. दिसायला ती तीन झाडंच जास्त देखणी होती. शेजारच्या आजींनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबू, तीन नर निघाले. खिळा ठोक एकेकाला."

खिळा ठोकला. एकाला आडवी खुंटीही मारली. नराच्या खोडाला जखम केली की तो मादी होतो, असं आपल्याकडे गावोगाव मानतात, आणि ते अगदीच हवेतलं नाही. नर पपई कधीकधी हवामान बदललं की किंवा शेंडा छाटला की एखाददुसरं फळ धरते, त्या लांब दांडीला लोंबकळणारं. पण त्यावर कोणी बाग लावत नाही. आमच्या तिघांनी काही धरलं नाही. आठ महिन्यांचं पाणी आणि शेणखत पिऊन ती झाडं शेवटी कुऱ्हाडीखाली गेली.

सांदवाडीत तीन झाडं गेली तर हळहळण्यापलीकडे काही होत नाही. एकराची बाग असली तर तोच हिशेब अंगावर येतो. नर आणि मादी झाडं वेगवेगळी असलेल्या पपईच्या जातीत बियांपासून निम्मे नर येतात. परागासाठी त्यातले दहाला एक ठेवले तरी पुरतात, बाकीचे फुकटचे पाहुणे. म्हणून शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावत आला. दोन लावली तर दोन्ही नर निघण्याची शक्यता चारात एक, तीन लावली तर आठात एक. फुलं आली की नको ती उपटायची. म्हणजे बियाणं तिप्पट, आणि जे झाड शेवटी ठेवायचं त्याच्या मुळाशी सहा महिने दोन भांडखोर भाऊबंद. रोप पाहूनच नर-मादी सांगणारे लोकही असतात. कोणी मुळांवरून सांगतो, कोणी बियांच्या रंगावरून. निम्म्या वेळा त्यांचं बरोबर येतं, कारण निम्म्या वेळा कोणाचंही बरोबर येईल.

रोपाच्या पानातच याचं उत्तर दडलेलं आहे, हे कळायला आणि ते वाचता यायला साठेक वर्षं लागली. त्या साठ वर्षांतले दोन महत्त्वाचे टप्पे पुण्यात घडले, आणि मधला एक टप्पा आमच्या भागातल्या एका सापाचा आहे.

सुरुवात 1938ची. हवाईतल्या डब्ल्यू. बी. स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जे. डी. जे. हॉफमायर या दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकाच वर्षी पपईच्या लिंगाचा हिशेब मांडला. पपईत तीन प्रकारची झाडं असतात: नर, मादी आणि उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात दोन्ही अवयव असलेली. या तिघांचा निकाल एकाच ठिकाणच्या जनुकावर लागतो आणि त्या जनुकाची रूपं तीन. मादीत दोन्ही रूपं साधी. नरात एक साधं, एक नराचं. उभयलिंगीत एक साधं, एक उभयलिंगीचं. आणि नर किंवा उभयलिंगी रूपांपैकी कोणतीही दोन एकत्र आली की गर्भ मरतो. म्हणूनच नर-मादीच्या संकरातून निम्मेनिम्म येतात, आणि उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्या बियांतून दोन उभयलिंगीमागे एक मादी. वही-पेन्सिलीवरचा हिशेब, पण पक्का. समोरच्या एका रोपाबद्दल मात्र तो काहीच सांगत नव्हता. गावात निम्मी माणसं पुरुष आहेत एवढं माहीत असून दार ठोठावणारा कोण हे कळत नाही, तसं.

दोनच वर्षांनी, 1940 साली, बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पुण्याच्या दोघांचा एक लहानसा लेख आला. एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर. विषय होता तोंडली. तोंडलीतही नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. त्यांनी पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर नर वेलाच्या 24 गुणसूत्रांत एक जोडी विजोड. त्यातलं एक इतरांपेक्षा चांगलंच मोठं. माणसात पुरुषाचं वाय गुणसूत्र लहानखुरं असतं. तोंडलीत ते दांडगं. झाडांनाही प्राण्यांसारखी लिंगगुणसूत्रं असू शकतात हे तोवर युरोप-अमेरिकेत काही वनस्पतींत दिसलं होतं, पण आपल्या रोजच्या भाजीत ते दिसावं याची गंमत वेगळी. 1952 साली कुमार आणि एस. विश्वेश्वरय्या यांनी ‘नेचर’मध्ये तोंडलीच्या लिंगयंत्रणेवर लिहिलं. आजही तोंडलीच्या वायवर परदेशात शोधनिबंध निघतात आणि त्यांची सुरुवात पुण्याच्या या जुन्या लेखांच्या उल्लेखाने होते. आपल्याकडे मात्र तोंडली चिरताना हे कोणाच्या मनात येत नाही.

देवडीकर पुढे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत गेले. मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी 1946 साली पुण्यात उभी केलेली ती संस्था. 1992 पासून तिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

तोंडलीसारखं पपईतही बघायला काय हरकत होती? हरकत पपईनेच घेतली. तिची 18 गुणसूत्रं बारीक, आणि नराची व मादीची शेजारी ठेवली तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही. स्टोरी-हॉफमायरचा हिशेब खरा असेल तर कुठेतरी फरक आहेच, पण तो सूक्ष्मदर्शकाला दिसण्याएवढा मोठा नाही. प्रश्न तिथेच अडला आणि कित्येक दशकं अडूनच राहिला.

आता सापाकडे वळू. पट्टेरी मण्यार. अंगावर काळे आणि पिवळे रुंद पट्टे, पाठ कौलासारखी मधे उंच, शेपटी बोथट. महाराष्ट्रात ही प्रामुख्याने पूर्व विदर्भात, आमच्या झाडीपट्टीच्या अंगाला दिसते. रात्री फिरते, दुसऱ्या सापांना खाते. विषारी आहे, पण दिवसा इतकी मवाळ की डोकं वेटोळ्यात खुपसून बसते.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले लालजी सिंग बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर काम करून एडिंबराला गेले. सापांत लिंगाचा कारभार उलटा असतो: मादीकडे विजोड जोडी, झेड आणि डब्ल्यू. सिंग यांनी मादी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून एक वेगळा अंश बाजूला काढला आणि तो डब्ल्यू गुणसूत्रावर गर्दी करून असतो हे सहकाऱ्यांसह 1980च्या सुमारास दाखवलं. त्या अंशाचं नावच पडलं बीकेएम. त्यातले पहिले दोन शब्द या सापाचं इंग्रजी नाव. त्यात काय लिहिलंय हे पुढे वाचलं गेलं तेव्हा निघाला एक मंत्र: जी, ए, टी, ए. गाटा, गाटा, गाटा. डीएनएच्या लिपीतली तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा. असेच पुनरुक्तीचे पट्टे उंदरात आणि माणसातही सापडले. ते माणसागणिक कमीजास्त लांबीचे असल्याने सिंग यांनी पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत याच बीकेएमवरून डीएनए ठसे काढायची देशी पद्धत बसवली, आणि 1980च्या दशकाअखेर केरळातल्या पितृत्वाच्या एका खटल्यात ती न्यायालयातही उभी राहिली. मण्यारीने बापाची साक्ष दिली, असं म्हणायला हरकत नाही.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, प्रभाकर रांजेकर आणि विद्या गुप्ता यांचा गट 1990च्या दशकात वनस्पतींच्या डीएनएवर काम करत होता. नाव रसायनाचं, काम भाताचं. 1994 साली या गटाने गाटासारख्या छोट्या पुनरुक्त तुकड्यांचे प्रोब, म्हणजे आपला जोडीदार शोधून त्याला चिकटणारे तुकडे, वापरून भाताच्या वाणांचे डीएनए ठसे छापून दाखवले. भाताच्या मुलखातला माणूस म्हणून मला तो निबंध जवळचा वाटतो, पण आपली गोष्ट पपईची आहे. भातावर हात बसलेल्या त्या साधनांनी हा गट मग पपईकडे वळला. अंजली पारसनीस, डब्ल्यू. रामकृष्ण, के. व्ही. चौदरी, विद्या गुप्ता, रांजेकर. नर आणि मादी झाडांच्या डीएनएवर वेगवेगळे पुनरुक्त प्रोब लावून पाहिले गेले.

त्या काळी हे काम कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पान तोडायचं, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. ते काचेसारखं कडक झालं की खलबत्त्यात पूड करायची. पुडीतून डीएनए काढायचा. विकराच्या कात्रीने तो ठरावीक जागी तोडायचा. जेलीच्या पातळ वडीत भरून विजेच्या प्रवाहात सोडायचा. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. मग तो सगळा पट पडद्यावर उतरवायचा, त्यावर किरणोत्सारी खूण जोडलेला प्रोब सोडायचा, आणि अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्मखाली दाबून ठेवायचं. प्रोबला जोडीदार जिथे सापडला तिथे फिल्मवर काळी पट्टी उमटते. एका पानापासून पट्टीपर्यंत सहज आठवडा.

पट्ट्यांच्या त्या गर्दीत लिंगाप्रमाणे फरक दाखवला तो गाटाने. नराच्या रांगेत एक ठसा, मादीच्या रांगेत तो नाही. 1999 साली ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’च्या 99व्या खंडात हा निबंध छापून आला. ज्या पुनरुक्तीची पहिली ओळख मण्यारीच्या मादीने करून दिली होती, तिनेच पपईतला नर पकडून दिला. यात साप आणि पपईचं काही नातं आहे असं कोणी समजू नये. अशा पुनरुक्त्या जिथे गुणसूत्रांची अदलाबदल थांबते तिथे साचत जातात, आणि लिंगगुणसूत्रं ही नेमकी तशी जागा. अडगळीच्या खोलीत प्रत्येक घरी जुने पेपर सापडतात, एवढंच ते साम्य. त्याच वर्षी 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, म्हणून ते साल मला आपोआप पाठ आहे.

पण आठवडाभराची, किरणोत्सारी, पानभर डीएनए मागणारी चाचणी रोपवाटिकेत चालणार कशी? हजार रोपं असतील तर हजार फिल्मा? इथे दुसरं साधन उपयोगी पडलं. कॅरी मलिस यांनी 1983 साली सुचवलेली पीसीआरची युक्ती तोवर जगभर रुळली होती. डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या दोन तासांत कोट्यवधी प्रती काढणारी ही युक्ती. 1993 साली मलिस यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. 1990पासून तिची एक स्वस्त आवृत्ती आली होती: दहा अक्षरांचा कसाही निवडलेला प्राइमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, टाकायचा आणि काय उमटतं ते बघायचं. कॅलिफोर्नियात 1994 साली पिस्त्याच्या मादी झाडाची खूण अशीच सापडली होती. पिस्त्याला फूल यायला पाच-सात वर्षं लागतात, तेव्हा त्यांची घाई समजण्यासारखी. पण दहा अक्षरांचा प्राइमर लहरी. आज उमटलेली पट्टी उद्या दुसऱ्या यंत्रावर उमटेलच याची खात्री नाही.

पुण्याच्या गटाने लहरीपणाचा बंदोबस्त केला. नरातच उमटणारा असा एक तुकडा उचलला, तो जिवाणूत वाढवून अक्षर अक्षर वाचला. तो 831 अक्षरांचा निघाला. त्याच्या दोन टोकांवरून लांब, नेमके प्राइमर बेतले, म्हणजे आता ते दुसरीकडे कुठे चुकून चिकटायला नकोत. या वेळी पारसनीस, गुप्ता आणि रांजेकर यांच्याबरोबर एस. ए. ताम्हणकर होत्या, आघारकर संशोधन संस्थेच्या. त्याआधी साठ वर्षं तोंडलीचं वाय गुणसूत्र पाहणारे देवडीकर पुढे जिथे गेले, तीच ही संस्था. 2000 साली ‘मॉलिक्युलर ब्रीडिंग’च्या सहाव्या खंडात पपईच्या रोपांची घाऊक लिंगचाचणी प्रसिद्ध झाली. आता पान अख्खं लागत नव्हतं, चिमूटभर पुरत होतं. फिल्म नको, किरणोत्सार नको. सकाळी पान, संध्याकाळी उत्तर.

अशा चाचणीत एक खोच असते, आणि मला स्वतःला या सगळ्या कथेत तीच जास्त आवडते. पट्टी उमटली की नर. नाही उमटली की मादी? की डीएनए नीट निघाला नाही, की नळीत काही टाकायचं राहून गेलं? ‘काही नाही’ हे उत्तर आहे की चूक, हे कसं ओळखायचं? त्यावर तोड अशी की, नळीत प्राइमरची दुसरी एक जोडी घालायची, जी नर-मादी सगळ्यांत पट्टी उमटवते. दोन पट्ट्या आल्या तर नर, एकच आली तर मादी, एकही नाही तर पुन्हा पान तोडून आणा. हवाईच्या संशोधकांनी 2002 साली काढलेल्या पपईच्या खुणांतही अशी सर्वांना लागू पडणारी साक्षीदार जोडी होती.

यानंतरची गोष्ट भराभर पुढे गेली आणि पुण्याबाहेर गेली. 2004 साली संशोधक रे मिंग यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की पपईतही वाय आहे, पण कोवळं, एका गुणसूत्राच्या लहानशा भागापुरतं, म्हणूनच ते सूक्ष्मदर्शकाला कधी दिसलं नव्हतं. 2008 साली पपईचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. 2015 साली तर आणखी मजेची गोष्ट निघाली: उभयलिंगी पपईचं वाय हे नराच्या वायपासून चारेक हजार वर्षांपूर्वीच फुटलेलं दिसतं, म्हणजे निसर्गात नव्हे, मध्य अमेरिकेतल्या माणसांच्या परसात. कोणा शेतकऱ्याला कधीतरी फळ धरणारा नर दिसला असावा आणि त्याने त्याच्या बिया जपल्या असाव्यात. म्हणजे आजींचा खिळा चार हजार वर्षं उशिरा ठोकला गेला.

आता प्रश्न असा की, पुण्यात 2000 साली सुटलेलं कोडं धुळे-नंदुरबारच्या बागांत कुठे दिसतं? तिथे आज पाहाल तर तैवान 786 या वाणाचं राज्य आहे. त्याच्या बियांतून नर येतच नाहीत. येतात उभयलिंगी आणि मादी, दोन्हींना फळं. उभयलिंगीचं फळ लांबट, मादीचं गोल आणि आत पोकळ जास्त. व्यापारी लांबट मागतो, पण गोलही विकलं जातं. बी महाग, ग्रॅमच्या हिशेबाने विकलं जाणारं, तरी शेतकऱ्याने ते घेतलं, कारण त्याचा नराचा प्रश्न पाकिटातच सुटून आला. प्रयोगशाळेने विचारलं, नर कसा ओळखायचा? बियाणं विकणाऱ्याने उत्तर दिलं, नर देतोच कशाला? माझ्या मते चाचणीचा हा पराभव नाही. तिचं खरं गिऱ्हाईक शेतकरी कधी नव्हताच. तो पैदासकार होता. ज्याला शेकडो संकरांतून चार झाडं निवडायची आहेत, त्याला निम्मी रोपं पहिल्याच महिन्यात बाजूला काढता आली तर निम्मं शेत मोकळं होतं. पण ‘रोपांची घाऊक चाचणी’ हे शब्द ज्यांनी शेतकऱ्यासाठी म्हणून ऐकले, त्यांची निराशा झाली असेल तर ती समजते.

जिथे वाट पपईहून लांब आहे, तिथे अशा खुणेची किंमत खरी कळते. कोकणात कोकम बियांपासून लावलं तर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात आणि निम्मी झाडं नर निघतात. जायफळाचंही तेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर डीएनएची नव्हे, कलमाची वाट दाखवली: मादी झाडाचीच काडी बांधा, म्हणजे संशयाला जागा नाही. आमच्याकडे पावसाळ्यात देवरी-सालेकसाच्या जंगलातून येणारं काटवल हेही नर-मादी वेगळ्या वेलांचं. ते लावणारा माणूस बिया पेरत बसत नाही. फळ धरलेल्या वेलाखालचा कंद खणतो, खूण करून ठेवतो आणि आषाढात लावतो. एखादा नराचा कंदही मुद्दाम ठेवतो. त्याला प्राइमर ठाऊक नाही, पण लिंग आधी कळलं पाहिजे हे त्याला कोणी शिकवायला नको.

पपईला मात्र कंद नाही आणि कलम सहज साधत नाही. म्हणून घरच्या बियांची पपई लावणार असाल तर एका खड्ड्यात तीन रोपं लावा, वीत-वीत अंतरावर, आणि फूल येईपर्यंत एकही उपटू नका. आणि पऱ्हे लावायच्या दिवसांत भाताच्या बांधीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची मण्यार दिसली, तर काठी उचलू नका, सर्पमित्राला बोलवा.